मुखपृष्ठे पाहून यादी करणाऱ्याचे उत्तर

सांगलीकर वाचक महोदय,

सप्रेम नमस्कार. चाच्यांच्या इतिहासावरची चांगली पुस्तके कशी शोधावीत, या माझ्या लेखावर आपण रविवारी रात्री पाठवलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. तीत आपण चार गोष्टी म्हटल्या आहेत. 1724 मध्ये लंडनला निघालेल्या चाच्यांच्या चरित्रग्रंथाचा कर्ता म्हणून मी डॅनियल डेफोचे नाव दिले, ते बरोबर नाही, ही पहिली. नऊ पुस्तकांच्या यादीत एकही मराठी पुस्तक नाही, ही दुसरी. कान्होजी आंग्र्यांना चाचा ठरवणाऱ्या कर्नल बिडल्फचे पुस्तक मी इशाऱ्याचा एक शब्दही न लिहिता चौथ्या क्रमांकावर ठेवले, ही तिसरी. आणि चौथी आपण जाता जाता टाकली आहे, ती शब्दशः देतो: ‘लेखकाने ही पुस्तके वाचण्याऐवजी त्यांची मुखपृष्ठे पाहूनच यादी केली असावी, असे वाटते.’ त्यापुढे एक हसरा चेहरा आहे.

पहिला मुद्दा मान्य. त्या ग्रंथावर कॅप्टन चार्ल्स जॉन्सन असे नाव छापलेले आहे, हे नाव टोपणनाव असावे असा सर्वसाधारण समज आहे, आणि डेफोचे नाव त्याला 1932 मध्ये एका अमेरिकन प्राध्यापकाने जोडले. 1988 मध्ये दोन अभ्यासकांनी त्या मताचा पाया तपासला आणि तो कच्चा निघाला. मी ‘डेफोच्या नावावर दीर्घकाळ खपलेला’ असे लिहायला हवे होते, तशी दुरुस्ती कालच केली आहे. मात्र या चुकीत मी एकटा नाही, हेही नोंदवून ठेवतो. पन्नासएक वर्षे मोठमोठ्या ग्रंथालयांच्या सूचीत हेच नाव होते आणि काही प्रकाशक आजही ते छापतात. त्यांनाही आपण अशीच पत्रे धाडली असतील, असे मी गृहीत धरतो.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे वळतो. एकाच वाक्यात ‘पाहूनच’ मधला ‘च’ आणि ‘असावी, असे वाटते’ ही माघार कशी नांदते, हे मला कळलेले नाही. आरोप करायचा असेल तर तो सरळ करावा. दगड मारून हात खिशात घालण्याची ही पद्धत सध्या फार रूढ झाली आहे, आणि तिला लोक सौजन्य समजतात.

मी सदतीस वर्षे बँकेत काढली, त्यांतली अकरा वर्षे अंतर्गत तपासणीत. व्हाउचर नसलेली नोंद मी वरिष्ठांचीही मान्य केली नाही, आणि त्यापायी एकदा बदलीही भोगली. तीच खोड पुस्तकांच्या बाबतीत लागली. मी कोणतेही इतिहासाचे पुस्तक मागून उघडतो. आधी टीपा, मग संदर्भ, मग सूची, मग प्रस्तावना, आणि मुखपृष्ठ अगदी शेवटी, तेही प्लास्टिकचे कव्हर घालताना. चाच्यांच्या पुस्तकांना तर ही शिस्त लावावीच लागते, कारण दुसऱ्या कोणत्याही विषयात इतकी बिनव्हाउचरची नोंद सापडणार नाही. फळीवरून कैद्याला समुद्रात चालत जायला लावणे, पोपट, पुरलेली पेटी आणि तिचा नकाशा, या गोष्टी प्रत्येक पुस्तकात असतात आणि जवळजवळ कोणत्याही पुस्तकात त्यांच्यापुढे टीपेचा आकडा नसतो.

मुखपृष्ठाचा अनुभव मला नाही असेही नाही. चार वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडे मी समुद्री लुटारूंच्या इतिहासाचे एक पुस्तक मागवले होते. जाड पुठ्ठ्याच्या खोक्यातून आले ते सहा ते नऊ वर्षांच्या मुलांचे चित्रांचे पुस्तक, सोबत डोळ्यावर बांधायची काळी पट्टी आणि चिकटवायची कवटी. मुखपृष्ठ उत्तम होते. ते मी नातवाला दिले, यादीत घातले नाही.

यादीतले पहिले पुस्तक, एक्सकेमेलिनचे, मी 1989 साली वाचले. मूळ डच आवृत्ती 1678 मध्ये ॲम्स्टरडॅमला निघाली आणि इंग्रजी अवतार 1684 मध्ये आला. लेखक स्वतः कॅरिबियन समुद्रातल्या लुटारूंबरोबर शस्त्रवैद्य म्हणून हिंडलेला होता. इंग्रजी आवृत्तीवर त्या लुटारूंचा म्होरक्या हेन्री मॉर्गन याने अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि तो जिंकला, म्हणून या पुस्तकातले मॉर्गनविषयीचे मजकूर दोन्ही बाजू पाहून वाचावे लागतात. हे मी लेखात लिहिले होते. मुखपृष्ठावर ते छापलेले नसते. माझ्याकडे तर त्या पुस्तकाला मुखपृष्ठच नाही. पुण्याच्या एका मित्राने ग्रंथालयातल्या प्रतीवरून काढून दिलेली झेरॉक्स आहे, डाव्या कडेची एक एक ओळ काळ्या सावलीत गेलेली, आणि ती गेलेली अक्षरे मी पेन्सिलने पुढेमागे पाहून भरलेली आहेत. खाकी कागदात बांधलेला तो गठ्ठा साताऱ्याच्या शनिवार पेठेतल्या आमच्या घरी माळ्यावर आहे.

चाचा ठरवून फाशी दिलेल्या कॅप्टन किडविषयीही तसेच. कॅप्टन किडवरचे पुस्तक बरे की वाईट हे ठरवायची माझी एक कसोटी आहे, आणि ती आपण पुन्हा वाचावी म्हणून येथे विस्ताराने देतो. किडकडे इंग्लंडच्या राजाचा परवाना होता. चाचे पकडावेत, शत्रूची, म्हणजे फ्रेंचांची, जहाजे धरावीत, असा. जानेवारी 1698 मध्ये त्याने मलबार किनाऱ्याजवळ ‘क्वेडा मर्चंट’ हे जहाज धरले. माल आर्मेनियन व्यापाऱ्यांनी भरलेला होता, पण जहाजावर फ्रेंच परवानापत्र होते, आणि त्याच आधारावर आपली धरपकड कायदेशीर होती असे किडचे म्हणणे होते. लंडनच्या खटल्यात त्याने ही कागदपत्रे मागितली, ती पुढे आलीच नाहीत. 23 मे 1701 रोजी त्याला थेम्सच्या काठी वॅपिंगला फाशी दिली. पहिल्या वेळी दोर तुटला, म्हणून पुन्हा लटकावला. ती परवानापत्रे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या सरकारी दप्तरात सापडली. म्हणजे व्हाउचर होते, फाइलला लावलेले नव्हते! माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट वाचून झोप लागली नाही, यात नवल नाही.

आता कसोटी अशी. जे पुस्तक किडच्या पुरलेल्या खजिन्यावर चाळीस पाने खर्च करते आणि या परवान्यांवर अर्धे पान, ते परत ठेवावे. जे पुस्तक परवाने सांगून थांबते, ते बरे. आणि जे पुस्तक विचारते की त्या वेळी किड फासावर जाणे कोणाच्या सोयीचे होते, ते विकत घ्यावे. रॉबर्ट रिची यांचे 1986 चे पुस्तक तसे आहे, म्हणून ते दुसऱ्या क्रमांकावर आहे. ते वाचताना कळते की या प्रकरणाचे मूळ 1695 मध्ये आहे. हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ जहाज मक्केहून सुरतेला परतताना लुटले. खाफीखान या मुघल इतिहासकाराने त्या जहाजावर बावन्न लाख रुपयांचे सोनेनाणे असल्याचे लिहिले आहे, आणि जहाजावरचीच एक तोफ उडवताना फुटल्याचेही. बादशहाच्या संतापापायी सुरतेच्या वखारीतले इंग्रज कैदेत पडले, ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार धोक्यात आला, आणि एव्हरी मात्र कधीच सापडला नाही. त्यानंतर हिंदी महासागरात जो सापडेल त्याला उदाहरण म्हणून टांगणे कंपनीला आवश्यक होते. ही साखळी मी माझ्या लेखात सहा ओळींत दिली होती. आपण ती वाचली असती, तर मुखपृष्ठाचे वाक्य लिहिले नसते, असे मला वाटते. पाहा, मलाही ‘वाटते’ लिहिता येते.

जॉन्सनच्या ग्रंथाबद्दलही दोन शब्द. तो मी तिसरा ठेवला, पहिला नाही, याचे कारण त्याच्या दुसऱ्या खंडात आहे. 1724 च्या भागात बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्याच्या माणसांवरील खटल्याची हकिगत आहे. 1722 मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावर केप कोस्टला बावन्न जणांना फाशी झाली, आणि हे इतर कागदपत्रांशी ताडून पाहता येते. 1728 च्या खंडाची सुरुवात मात्र कॅप्टन मिसन नावाच्या फ्रेंच चाच्याने होते, ज्याने म्हणे मादागास्करमध्ये समतेचे राज्य स्थापले. असा माणूस झालाच नाही. एकाच ग्रंथात खरी रोकड आणि खोटी नोट शेजारी शेजारी ठेवलेली आहे, आणि हे कळायला दोन्ही खंड वाचावे लागतात. मी ते 1996 च्या पावसाळ्यात वाचले, तारखांसह वही आहे.

मराठी पुस्तकाचा मुद्दा मला मुळात लागू वाटत नाही. यादी चाच्यांवरच्या पुस्तकांची होती. कान्होजी आंग्रे चाचे नव्हते. 1713 मध्ये ते शाहू महाराजांच्या पक्षात आले, त्यांचे सरखेलपद, म्हणजे आरमारप्रमुखाचे पद, राज्याने मानले, आणि आपल्या पाण्यातून जाणाऱ्या गलबतांनी दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे ही त्यांची मागणी पोर्तुगीज दोनशे वर्षे जे करत होते त्याहून वेगळी नव्हती. मग त्यांच्यावरचे पुस्तक चाच्यांच्या यादीत घालून मी आपल्याच हाताने त्यांना चाचे ठरवायचे काय? ढबूंचे ‘कुलाबकर आंग्रे सरखेल’ माझ्या कपाटात आहे, आणि ते आरमाराच्या खणात आहे. शाहू महाराजांच्या राजधानीत तीन पिढ्या राहणाऱ्या माणसाला आंग्र्यांचा अभिमान सांगलीहून शिकवण्याची गरज नसावी.

बिडल्फबद्दल इतकेच, की 1907 च्या त्या पुस्तकाचे नावच ‘मलबारचे चाचे’ अशा अर्थाचे आहे. ज्याला मराठी येते आणि ज्याला आंग्रे ठाऊक आहेत, त्याला हे शीर्षक पाहताच लेखक कोणत्या बाजूचा आहे ते समजते. वेगळा इशारा कशाला हवा? शिवाय त्यात कॅथरीन कुक या इंग्रज बाईची हकिगत आहे. 1712 मध्ये आंग्र्यांच्या आरमाराने तिचे जहाज धरले, त्या चकमकीत तिचा नवरा मारला गेला, आणि तीस हजार रुपये खंडणी देऊन तिची सुटका झाली. ही हकिगत इतकी सविस्तर मला दुसरीकडे मिळाली नाही. शत्रूच्या दप्तरातही आपली नोंद असते आणि ती पाहावी लागते. क्लेमेंट डाउनिंग तर 1737 च्या आपल्या पुस्तकाच्या शीर्षकातच ‘अँग्रिया चाचा’ लिहितो, आणि तरीही मुंबईच्या बून गव्हर्नराच्या आंग्र्यांवरील मोहिमांना तो स्वतः हजर होता म्हणून इतिहासकार त्याला वाचतात. याहून अधिक या मुद्द्यावर लिहिण्याची मला आवश्यकता वाटत नाही.

डेफोच्या ओळीची दुरुस्ती झाली आहे. बिडल्फ चौथ्या क्रमांकावर होता, तेथेच राहील. आपण कधी साताऱ्यास आलात तर मोती चौकातून मला फोन करावा, गठ्ठा माळ्यावरून खाली काढून ठेवीन आणि पेन्सिलने भरलेली अक्षरे आपल्याला दाखवीन. चहा अर्थातच होईल. पुस्तके मात्र घरी नेण्यास मी देत नाही. 2003 मध्ये एका गृहस्थांनी पंधरा दिवसांसाठी म्हणून रिची नेला होता, आणि माझी दुसरी प्रत त्यानंतरची आहे.

आपला,
लेखक