नट सावकाश सोडला म्हणून स्प्रिंग सावकाश सुटत नाही

जुन्या गाडीवर स्वतःच पाना चालवणाऱ्या मंडळींमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय, सोबत छोटासा व्हिडिओ. त्याचं सार असं: पुढच्या कॉइल स्प्रिंगा बदलायला स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं अवजार) लागत नाही, ते गॅरेजवाल्यांचं खूळ आहे. गाडी जुनी असली की स्प्रिंग दमलेली असते. जॅकवर उचलली की ती मोकळी होते. मग वरचा मधला नट सावकाश सैल करत जा, उरलासुरला जोर आपोआप निघून जातो. भीती वाटलीच तर दोरी बांधा. तुटली असेल तेवढीच बदला, नवी लांब वाटली तर एक वेटोळं कापा. अर्ध्या तासात काम फत्ते.

मला हा मजकूर तिघांनी पाठवला. त्यातल्या एकाचं चाक तोवर काढूनही झालं होतं आणि त्याला फक्त एवढंच विचारायचं होतं, की दोरी नायलॉनची चालेल का. म्हणून एकेक मुद्दा घेतो. हे काम घरी करायला माझी ना नाही. मी केलंय, आणि एकदा चांगलंच अंगाशी आणलंय; ते पुढे येईलच.

"जुन्या स्प्रिंगमध्ये जोर उरलेला नसतो."

मग गाडी उभी कशावर आहे? पुढच्या एका चाकावर 300 किलो भार येत असेल, तर तो रोज खड्ड्यांतून पेलून नेणारी हीच ती दमलेली स्प्रिंग. स्प्रिंग बसते म्हणजे तिची मोकळी लांबी थोडी कमी होते आणि गाडी तेवढी खाली येते. कडकपणा जवळपास तसाच राहतो. तो ठरतो तारेच्या जाडीवर, वेटोळ्याच्या व्यासावर, वेटोळी किती आहेत त्यावर आणि पोलादाच्या ताठपणावर. वीस वर्षांत यातलं बदलतं फार तर एक: गंजाने तार बारीक होते. जाडीचा हिशेब चौथ्या घातात जातो, म्हणजे 12 मिलिमीटरची तार सगळीकडून झिजून साडेअकरा झाली तर कडकपणा साधारण 16 टक्क्यांनी घटतो. उरलेले 84 टक्के तुमच्या नाकासमोर असतातच. शिवाय गंज काही सगळीकडून सारखा खात नाही, एका जागी खड्डा पाडतो, आणि दाबताना तार तिथेच तुटायला बघते. म्हणजे जुनी स्प्रिंग नव्यापेक्षा जास्त बेभरवशाची.

"गाडी उचलली की स्प्रिंग मोकळी होते, नट सावकाश सोडला की झालं."

सगळा घोळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅक्फर्सन स्ट्रट असतो. शॉकअपच्या अंगावर एक थाळी, तिच्यावर स्प्रिंग, वर माउंटिंग, आणि शॉकअपचा दांडा माउंटिंगमधून वर येऊन त्यावर नट. गाडी उचलल्यावर चाक खाली लोंबतं ते शॉकअप पूर्ण उघडेपर्यंत. तिथे शॉकअप थांबतो, म्हणजे स्प्रिंगही थांबते. पण तिला अजून पसरायचं असतं. थाळी आणि माउंटिंग यांच्यामध्ये ती दाबलेल्या अवस्थेत अडकून पडलेली असते आणि तिला अडवून धरणारी गोष्ट एकच, तो मधला नट.

आता आकडे घालून बघू. समजा स्प्रिंगला 1 मिलिमीटर दाबायला 2 किलो लागतात आणि शॉकअप पूर्ण उघडा असताना ती 100 मिलिमीटर दाबलेली आहे. म्हणजे नटावर 200 किलोचा ताण. दांड्यावरचे आटे किती लांब असतात? समजा 25 मिलिमीटर. तुम्ही कितीही सावकाश, देवाचं नाव घेत नट फिरवा, तो 25 मिलिमीटर वर येईल आणि संपेल. स्प्रिंग त्या क्षणी अजून 75 मिलिमीटर दाबलेली आहे आणि शेवटच्या दोन आट्यांवर 150 किलो लटकलेत. शेवटचा आटा सुटतो किंवा सोलून निघतो. मग जी ऊर्जा सुटते ती होते साधारण 55 ज्यूल. साडेपाच किलोहून जरा जास्त वजन एक मीटरवरून सोडावं तेवढी. आणि पाना नीट बसलाय का हे बघायला माणूस त्या वेळी बरोबर नटाच्या वर वाकलेला असतो.

सावकाशपणाचा संबंध आट्यांच्या लांबीशी आहे, तुमच्या संयमाशी नाही.

मग व्हिडिओतली स्प्रिंग का उडाली नाही? कारण काही स्ट्रटमध्ये शॉकअप पूर्ण उघडल्यावर स्प्रिंग खरोखरच जेमतेम 15-20 मिलिमीटर दाबलेली राहते. तिथे नट निघेपर्यंत जोर संपतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, आणि त्या माणसाने पद्धत म्हणून ती जगाला सांगितली. गाडी कुठली, स्प्रिंग कुठली, याचा त्यात उल्लेखही नाही.

इथेच नवख्यांची आणखी एक गफलत होते. बॉनेट उघडल्यावर स्ट्रटच्या डोक्याशी कडेने दोन, तीन किंवा चार छोटे नट दिसतात आणि मध्ये एक मोठा. कडेचे सोडले तर अख्खा स्ट्रट खाली निघतो. मधला सोडला तर स्प्रिंग निघते. स्ट्रट गाडीतून बाहेर येऊन स्प्रिंग कॉम्प्रेसरमध्ये आवळली जाईपर्यंत मधल्याला पाना लावायचा नाही.

आणि काही जुन्या गाड्यांना, विशेषतः जड गाड्यांना, स्ट्रट नसतोच. स्प्रिंग खालचा आर्म आणि चॅसी यांच्या मध्ये बसलेली असते. तिथे मधला नट वगैरे प्रकार नाही. बॉल जॉइंट (आर्म चाकाशी जोडणारा सांधा) सुटला की आर्म खाली झेपावतो आणि स्प्रिंग बाहेर. स्प्रिंग आर्मच्या मध्यावर असेल तर तरफेच्या हिशेबाने तिच्यावर चाकाच्या जवळपास दुप्पट भार असतो. तिथे स्प्रिंगच्या आतून जाणारा कॉम्प्रेसर, आर्मखाली जॅक आणि स्प्रिंगमधून चॅसीला बांधलेली साखळी, असं तिन्ही लागतं. हे काम पहिल्यांदा करणाऱ्याने अनुभवी माणूस शेजारी असल्याशिवाय करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

"भीती वाटली तर दोरी बांधा."

दोरी ताणते, नायलॉनची तर जास्तच, आणि गाठ सरकते. साखळी चालते, पण कॉम्प्रेसरच्या जोडीला, दगा झालाच तर स्प्रिंग लांब जाऊ नये म्हणून.

आता उलट बाजूचं सांगतो, कारण या मजकुरावर चिडणारेही एक चुकीची गोष्ट बोलतात: कॉम्प्रेसर लावला की चिंता मिटली. नाही मिटत. दोन बोल्ट आणि आकड्यांचा (हुकांचा) जो स्वस्तातला कॉम्प्रेसर मिळतो, तो नीट लावला तरच नीट वागतो. माझा किस्सा याच्याशीच. आकडे समोरासमोर लावायच्या ऐवजी मी हाताला सोयीचे पडले तसे लावले होते, आणि एका बाजूचा बोल्ट पुष्कळ फिरवून मग दुसऱ्याकडे वळलो. स्प्रिंग सरळ दबायच्या ऐवजी केळ्यासारखी वाकली. एक आकडा वेटोळ्यावरून करकरत दोन बोटं सरकला. मी सोडून द्यायला हवं होतं. मी म्हटलं अजून दोनच फेरे. माउंटिंग सुटून शेडच्या छताला लागलं. पत्र्याला पडलेला पोचा अजून तसाच आहे. मी स्प्रिंगच्या टोकासमोर नव्हतो, बाजूला बसलो होतो, ते अकलेने नव्हे, स्टूल तिकडे होतं म्हणून.

तेव्हापासून मी काय करतो ते लिहितो. आकडे बरोबर समोरासमोर, शक्य तितकी जास्त वेटोळी कवेत घेऊन. आकड्यांना अडकवायच्या खिळी असतील तर त्या घातल्याशिवाय पुढे नाही. बोल्टच्या आट्यांना ग्रीस. ह्या बाजूला दोन-तीन फेरे, त्या बाजूला दोन-तीन फेरे, हातानेच; गन (नट झपाट्याने फिरवणारं यंत्र) लावली की आटे तापून धरतात आणि आकडा कधी सरकला ते कळत नाही. स्प्रिंगची दोन्ही टोकं माणसाकडे नाहीत ना, हे दर वेळी बघायचं. आणि किती दाबायचं? वेटोळी एकमेकांना चिकटेपर्यंत तर अजिबात नाही. स्प्रिंग थाळीवर हाताने गोल फिरायला लागली, खुळखुळली, की पुरे. तेवढी ढिली झाल्यावरच मधला नट, तोही दांडा आतून धरून. परत बसवतानाही गन लावली तर दांडा सोबत गरगर फिरतो आणि नव्या शॉकअपचं सील पहिल्याच दिवशी खराब होतं.

स्प्रिंग मध्ये फुगीर, निमुळती किंवा मुद्दाम वाकडी घडवलेली असेल, तर आकडेवाला कॉम्प्रेसर बाजूला ठेवा. त्यावर आकडे ठरत नाहीत. अशा वेळी स्ट्रट काढून पिंजरेवाला किंवा भिंतीवर बसवलेला कॉम्प्रेसर असलेल्या माणसाकडे न्यावा. तुटलेल्या स्प्रिंगचंही तेच. ती बहुधा खालच्या वेटोळ्याला तुटलेली असते, आणि तुटक्या टोकाजवळ आकडा लावणं म्हणजे विषाची परीक्षा.

"तुटली असेल तेवढीच बदला."

डावी नवी, उजवी वीस वर्षांची. गाडी एका बाजूला कलते, ब्रेक मारल्यावर दोन्ही बाजू सारख्या दबत नाहीत. जोडीने बदला. मात्र काही गाड्यांत डावी-उजवीचे नंबर वेगळे असतात, तेव्हा खोक्यातून काढल्यावर रंगाचे पट्टे आणि नंबर जुळवून घ्या.

"एक वेटोळं कापा."

सहा कामाच्या वेटोळ्यांतून एक गेलं तर स्प्रिंग 20 टक्के कडक होते, कारण कडकपणा वेटोळ्यांच्या संख्येच्या उलट चालतो. म्हणजे गाडी खाली आली आणि दणकेही वाढले. गॅसने कापलं तर तिथल्या पोलादाचं पाणी उतरतं. आणि कापलेलं टोक थाळीच्या खाचेत बसत नाही. चाक लोंबलं की स्प्रिंग जागा सोडते. अखंड स्प्रिंग बसवतानाही ते टोक खाचेला टेकलंय ना, हे बोट घालून बघायचं असतं, कॉम्प्रेसर सोडायच्या आधी.

"अर्ध्या तासात काम."

गंजलेला एक बोल्टच अर्धा तास खातो. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही, घोड्या (जॅक स्टँड) लावायच्या, मागच्या चाकांना पाचर. ब्रेकचा कॅलिपर नळीवर लोंबत ठेवायचा नाही, तारेने बांधायचा. एबीएस असेल तर त्याची वायर आधी मोकळी करायची. वरचं बेअरिंग करकरत असेल तर ते याच वेळी बदलायचं. सेल्फ-लॉक नट नवे. लोअर आर्मचे बोल्ट ढिले केले असतील तर शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी करून. लोंबत्या अवस्थेत आवळले तर रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. स्ट्रटचे खालचे बोल्ट हलले की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) हलतो, म्हणून खुणा करूनही शेवटी अलाइनमेंट.

नायलॉनच्या दोरीवाल्या मित्राने चाक परत चढवलं आणि नंतर कॉम्प्रेसर उसना आणून दोन्ही बाजू केल्या. पहिलीला चार तास लागले, दुसरीला दीड. मधला नट हातात आला तेव्हा काहीच झालं नाही. त्याला जरा फसवल्यासारखंच वाटलं म्हणे.