रानडुकरे, आचारसंहिता आणि टेक्सासमधली बंदूक

अमेरिकेत एखाद्या शाळेत गोळीबार झाला की सिंधुदुर्गातून मामांचा फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो: "अरे, तुमच्याकडे बंदुका सरळ बंद का करीत नाहीत?" गंमत अशी की मामांच्या माजघरात स्वतःची बारा बोअरची बंदूक आहे. पीक संरक्षणाचा रीतसर परवाना आहे, आणि निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. "रानडुकरांना कोणी आचारसंहिता लावली आहे का?" असे ते दर निवडणुकीला विचारतात. परवानावाल्याची बंदूक ठाण्यात आणि गावठी कट्टेवाला निर्धास्त, ही त्यांची तक्रार. ह्यूस्टनजवळच्या माझ्या शेजाऱ्याचीही नेमकी हीच तक्रार आहे, असे सांगितले की मामा विषय बदलतात.

फरक आहे तो मुळात. इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्यापासून आजच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यापर्यंत आपल्याकडे बंदूक ही सरकारने द्यायची परवानगी राहिली आहे. येथे ती १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने दिलेला हक्क आहे, आणि तो व्यक्तीचा हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेलर खटल्यात स्पष्ट केले. त्यामुळे 'सरळ बंद करा' हे येथे उत्तर होऊच शकत नाही. मी शेजाऱ्याबरोबर नेमबाजीला जातो, त्याची बाजू मला बरीचशी पटते, आणि म्हणूनच त्याच्या बाजूचे लोक, म्हणजे बंदूकसमर्थक, नियंत्रणाच्या मागणीला जे उत्तर देतात त्याचा मला वैताग येतो.

ते उत्तर आता पाठ झाले आहे. आधी शोकसंदेश, मग 'ही राजकारणाची वेळ नव्हे', आणि त्यानंतर शब्दांची दुरुस्ती: एआर-१५ या रायफलीच्या नावातली एआर ही अक्षरे आर्मालाइट या कंपनीच्या नावावरून आली, 'असॉल्ट रायफल'वरून नव्हे, तिचा चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, वगैरे. माहिती खरी आहे, पण मूल गमावलेल्या आईसमोर ती मांडणाऱ्याचे पुढचे कोणी ऐकून घेत नाही. एवढे ज्ञान कोणता नियम कामाचा आणि कोणता निव्वळ देखावा, हे सांगण्यासाठी खर्च झाले असते तर बरे झाले असते.

ते कसे करावे याचे उदाहरण टेक्सासमध्येच आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेल्यांवर गोळीबार झाला. मारेकऱ्याला कौटुंबिक हिंसाचाराबद्दल लष्करी न्यायालयात शिक्षा झाली होती, म्हणजे त्याला बंदूक विकणे कायद्याने आधीच बंद होते. परंतु हवाई दलाने ती नोंद बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेकडे पाठवलीच नाही, आणि दुकानदाराच्या पडद्यावर तो निर्दोष दिसला. 'आहेत ते कायदे आधी पाळा' हे बंदूकसमर्थकांचे आवडते वाक्य येथे शंभर टक्के लागू होते. टेक्सासचे रिपब्लिकन सिनेटर जॉन कॉर्निन यांनी ते नुसते म्हटले नाही, तर नोंदी पाठवण्यातली ही ढिलाई दूर करण्याचा कायदा २०१८ मध्ये मंजूर करवून घेतला.

मे २०२२ मध्ये मात्र टेक्सासमधल्याच युवाल्डीच्या शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हा ते वाक्य अपुरे पडले. पोलीस तासाभराहून अधिक वेळ वर्गाबाहेर थांबले, हा समर्थकांचा आक्षेप रास्तच आहे. पण मारेकऱ्याने अठरावा वाढदिवस झाल्यावर काही दिवसांतच रायफली घेतल्या होत्या त्या कायदेशीरपणे. कॉर्निन पुन्हा वाटाघाटींना बसले आणि एकवीस वर्षांखालील ग्राहकाची अधिक कसून तपासणी करण्याची तरतूद कायद्यात आली. त्याच जून महिन्यात ह्यूस्टनच्या अधिवेशनात त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. माझ्या मते समर्थकांचे त्या वर्षातले सर्वांत मोठे नुकसान तेथे झाले, आणि ते त्यांनी आपल्या हाताने करून घेतले.

त्यांची भीती काल्पनिक आहे असे मी म्हणणार नाही. याच ह्यूस्टनमध्ये २०१९ साली अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या वादसभेत डेमोक्रॅटिक पक्षाचे बेटो ओ'रुर्क यांनी एआर-१५ काढून घेऊ असे ठणकावून सांगितले होते. पण हेलरचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती स्कालिया, स्वतः शिकारी, त्यांनीही हा हक्क अमर्याद नाही असे त्यातच नमूद केले आहे. २०२४ मध्ये, न्यायालयाने ज्याला जोडीदारासाठी धोकादायक ठरवून मनाई हुकूम बजावला आहे त्याच्याकडे बंदूक नसावी, हे सर्वोच्च न्यायालयात आठ विरुद्ध एक मतांनी मान्य झाले. दार इतके भक्कम असताना आत बसून कोणाशी बोलायचेच नाही, हे काही मला समजत नाही.

आणि ज्या मृत्यूंबद्दल बोलायला हवे ते बहुतेक वेळा बातमीत येतच नाहीत. २०२२ साली या देशात बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. न्यू हॅम्पशायरमध्ये आठवडाभराच्या आत तिघांनी एकाच दुकानातून बंदूक विकत घेऊन काही तासांत जीव दिला, तेव्हा तेथल्या दुकानदारांनीच आत्महत्या प्रतिबंधाचे काम करणाऱ्यांशी हात मिळवून, खचलेला ग्राहक ओळखायचा कसा आणि त्याला विक्री नाकारायची कशी, याची पत्रके तयार केली.

माझ्या शेजाऱ्याच्या लोखंडी कपाटात दोन रायफली आहेत, त्यांच्या नळीला चिकटपट्टीवर नाव लिहिलेले आहे, आणि ते नाव त्याचे नाही. घटस्फोटाच्या काळात खचलेल्या मित्राच्या त्या रायफली त्याने 'जरा साफ करून देतो' म्हणून नेल्या, त्याला आता सात महिने झाले. खासगी हस्तांतरालाही तपासणी सक्तीची करणारा कायदा घाईत लिहिला गेला, तर नेमके हेच बेकायदा ठरू शकेल, आणि कायदा लिहिणाऱ्यांना हे सुचणार नाही. मी त्याला म्हटले, हे तू तुमच्या आमदाराला सांग, सभेत उठून सांग. त्याने कपाट बंद केले, कुलूप दोनदा ओढून पाहिले आणि म्हणाला, "सांगितले, तर आमच्या लोकांना वाटेल मी नियंत्रणवाल्यांच्या बाजूला गेलो."