पानामेराच्या पाठीविषयी

या मे महिन्यात माझा मामेभाऊ मुंबईहून मालवणला आला तो पोर्शे पानामेरा घेऊन. गाडी पहिल्या पिढीची, २०११ सालची आणि वापरलेली घेतलेली. त्यातही ती अधिक ताकदीची टर्बो आवृत्ती नव्हे, साधी एस आहे: पुढे ४.८ लिटरचे व्ही-८ इंजिन, ४०० अश्वशक्ती आणि सगळा जोर मागच्या चाकांवर. संध्याकाळी चिवला किनाऱ्याजवळ तिच्याभोवती आम्ही गाडीवेडे पाच-सहाजण जमलो आणि पहिल्या दहा मिनिटांतच आमच्यात उभी फूट पडली. ज्या गाडीवर जगभरातले शौकीन २००९ पासून भांडत आहेत तिच्यावर मालवणात एकमत व्हावे, अशी अपेक्षा अर्थातच कोणाचीच नव्हती.

भांडणाचे मूळ तिची पाठ आहे, हे मराठीत सांगायला सोपे जाते, कारण आपल्याकडे ‘पोक’ हा नेमका शब्द आहे. पुढून पाहिले तर गाडी देखणी आहे, बॉनेटच्या दोन्ही बाजूंना उंचावलेले चाकांवरचे उंचवटे थेट ९११ ची, म्हणजे पोर्शेच्या मागे इंजिन असलेल्या, दोन दरवाजांच्या नामांकित गाडीची आठवण करून देतात. पण दरवाजांच्या मागे नजर गेली की छत जिथे खाली यायला हवे तिथे येत नाही, उंची तशीच पुढे रेटत राहते आणि शेवटी मागचा भाग जड होऊन बसतो. ९११ ची ती प्रसिद्ध उतरती रेषा चार प्रौढ माणसांच्या डोक्यांवरून ताणून नेली की जे होईल तेच येथे झाले आहे. सुमारे ४.९७ मीटर लांब आणि १.९३ मीटर रुंद अशा देहावर ते अधिकच ठळक दिसते. मी स्वतः ही गाडी प्रथम छायाचित्रात पाहिली तेव्हा तिला कुरूप म्हणणाऱ्यांतच होतो, आणि कितीतरी वर्षे ते मत मी विनातपासणी बाळगले.

विरोधकांचा एक गट दिसण्याविषयी बोलत नाही, तो निष्ठेविषयी बोलतो. आमच्यातल्या एका मित्राचे म्हणणे असे की ज्या कंपनीने इंजिन मागे ठेवून जगाला वेड लावले तिने चार दरवाजांची, पुढे इंजिन असलेली गाडी काढणे हाच मुळात व्यभिचार आहे. हा आक्षेप मला कधीच पटलेला नाही. पुढे व्ही-८ बसवलेली ९२८ याच कंपनीने १९७७ साली जगापुढे आणली होती, १९७८ चा ‘युरोपियन कार ऑफ द इयर’ हा मान तिने मिळवला होता आणि १९९५ पर्यंत ती विकलीही जात होती. कायेन ही एसयूव्ही काढून तिने २००२ साली उरलासुरला सोवळेपणा मोडला. तेव्हा २००९ मध्ये अचानक पावित्र्य आठवण्याचे कारण नव्हते.

शिवाय चारजणांना नीट बसवण्याची इच्छा या कंपनीत फार जुनी आहे. ३५६ ही तिची पहिली गाडी. तिचा सांगाडा लांबवून चार आसनांचा एक नमुना १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बनवला गेला होता. १९८४ साली संस्थापकांचे पुत्र फेरी पोर्शे यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला त्यांना जी भेट मिळाली ती होती खास लांबवलेली ९२८, जिच्यात मागे मोठी माणसे बसू शकत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ९८९ या क्रमांकाने चार दरवाजांच्या गाडीचा प्रकल्प सुरू झाला; पुढे विक्री घसरली, खर्च वाढला आणि नव्वदीच्या आरंभी तो गुंडाळावा लागला. म्हणजे पानामेरा हे विक्री विभागाला एका सकाळी सुचलेले खूळ नव्हे. घरात दोन पिढ्या बोलले गेलेले आणि पैशाअभावी राहून गेलेले ते काम होते.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे पोकाकडे येतो. माझे मत बदलले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. आम्ही आचऱ्यावरून कुणकेश्वरला दर्शनाला निघालो. पुढे मामेभाऊ आणि त्याची बायको, मागे मी आणि माझी आई. मी सहा फूट उंच आहे आणि आईचे वय अठ्ठ्याहत्तर. मागे दोन स्वतंत्र आसने आहेत, पुढच्यांसारखीच खोल आणि धरून ठेवणारी, आणि त्यांच्यामधून बटणांनी भरलेला कन्सोल थेट मागपर्यंत येतो, त्यामुळे पाचव्या माणसाला जागाच नाही. मी पाठ पूर्ण टेकून, मान न वाकवता बसलो आणि माझ्या डोक्यावर बोटे शिरतील एवढे अंतर उरले. ज्या उंचीला मी इतकी वर्षे हसत आलो होतो ती उंची नेमकी माझ्या टाळूच्या वर होती. आईने उतरताना आपला अभिप्राय दिला: “बसल्यार बरा वाटता, पण उठताना माका कोणीतरी ओढूक व्हया.” गाडी बुटकी आहे ही तिची तक्रार रास्तच होती. मात्र आत बसल्यावर कोंडल्यासारखे वाटले, असे ती एकदाही म्हणाली नाही.

याच्या उलट उदाहरण म्हणजे ॲस्टन मार्टिनची चार दरवाजांची रॅपीड. तीही २००९ सालीच दाखवली गेली, सहा लिटरचे व्ही-१२ इंजिन घेऊन आली, आणि तिच्या सौंदर्याबद्दल आमच्या टोळक्यातच काय, कुठेच फारसा वाद नाही. तिचे छत जिथे उतरायला हवे तिथेच उतरते. त्याची किंमत मागे बसणारा मोजतो. तिथे जागा इतकी बेताची आहे की लांबच्या प्रवासात प्रौढ माणसाने बसावे असा आग्रह कोणी प्रामाणिकपणे धरू शकणार नाही. दोन दरवाजे जास्त लावायचे आणि त्यांतून कोणी आत बसू नये अशी व्यवस्था करायची, हे मला पोकापेक्षा अधिक खटकते. आमच्याकडे रापणीच्या होडीचे पोट जाळ्याच्या ओझ्याने ठरते. शर्यतीच्या होडीसारखी ती सडपातळ नाही म्हणून तिला कोणी नावे ठेवत नाही. पानामेराच्या पाठीला हाच न्याय लावायला काय हरकत आहे, एवढेच माझे म्हणणे आहे. ती पाठ सुंदर आहे असे मी म्हणत नाही. ती का तशी आहे हे ती लपवत नाही, आणि मोटारींच्या या महागड्या दुनियेत एवढा सरळपणा मला दुर्मीळ वाटतो.

त्या पाठीचा आणखी एक उपयोग परतीच्या दिवशी दिसला. मागचा दरवाजा काचेसकट वर उघडतो, मागची आसने आडवी पडतात आणि मग जी जागा तयार होते तीत हापूसच्या सहा पेट्या, दोन फणस, कोकम आणि आईने बांधून दिलेली कुळथाच्या पिठाची पिशवी हे सर्व बसले. फणसाचा चीक चामड्याला लागू नये म्हणून खाली जुनी गोधडी अंथरावी लागली, ही बाब वेगळी.

तिची बाजू घेणाऱ्यांशीही माझे पूर्ण पटत नाही. त्यांचा सगळा युक्तिवाद आकड्यांवर चालतो: टर्बोची ५०० अश्वशक्ती, थांबल्या जागेवरून १०० किलोमीटरचा वेग ४.२ सेकंदांत, जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग या शर्यतमार्गाची फेरी ७ मिनिटे ५६ सेकंदांत. आकडे खरे आहेत आणि जवळजवळ दोन टनांच्या गाडीसाठी ते थक्क करणारेही आहेत. पण ज्याला केवळ वेग हवा त्याने दोन दरवाजांची, हलकी गाडी घ्यावी, हे उत्तर त्यांच्याच तोंडून पुढच्या वाक्यात येते. आकड्यांनी पाठीचे समर्थन होत नाही. खरे तर या गाडीचे नावच दुसरीकडे बोट दाखवते. ते आले आहे मेक्सिकोतल्या कारेरा पानामेरिकाना या शर्यतीवरून, जी १९५० ते १९५४ या काळात खऱ्या रस्त्यांवरून, तीन हजारांहून अधिक किलोमीटर धावत असे आणि जिच्यात १९५४ साली पोर्शेच्या छोट्या ५५० स्पायडरने एकूण क्रमवारीत तिसरा क्रमांक पटकावला होता. लांबचा, ओबडधोबड, दिवसच्या दिवस चालणारा रस्ता, ही त्या नावाची खूण आहे. मुंबई-गोवा महामार्गाची इतक्या वर्षांची रखडपट्टी ज्यांनी सोसली आहे त्यांना त्या शर्यतीचे वर्णन ओळखीचे वाटेल. मामेभावाच्या गाडीला हवेचे सस्पेन्शन आहे, ते गाडी आणखी २० मिलिमीटर उचलते. कसालपासून मालवणपर्यंत प्रत्येक गतिरोधकावर त्याने ते बटण दाबले आणि तरीही आमच्या वाडीच्या तोंडाशी पुढचा ओठ घासलाच. आणि १.९३ मीटर रुंदीची गाडी दोन्ही बाजूंच्या गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, नेताना आरसे मिटून, मी पुढे चालत, हाताने खुणा करत जी वरात निघाली ती पाहायला निम्मी वाडी जमली होती.

येथे मला एक माघार घ्यावी लागते. २०१६ साली दुसरी पिढी आली तेव्हा मागच्या बाजूला छत २० मिलिमीटरपर्यंत खाली आणले गेले, गाडीची लांबी पाच मीटरच्या वर गेली, दिवे आणि खांदे ९११ च्या जवळ आले, आणि तरी मागे बसणाऱ्याच्या डोक्यावरची जागा गेली नाही. म्हणजे पोक अटळ होता हा माझा दावा संपूर्ण टिकत नाही. अधिक वेळ आणि अधिक कौशल्य खर्चून तो बराचसा झाकता येत होता. माझा निष्ठावान मित्र हे वाक्य वाचून खूश होईल. पण मग त्यानेही मान्य करावे की ज्या दुसऱ्या पिढीला तो देखणी म्हणतो तिचा आराखडा तोच आहे: चार माणसे, पुढे इंजिन, मागे उघडणारा मोठा दरवाजा. म्हणजे त्याचा आक्षेप निष्ठेचा नव्हता, कारागिरीचा होता.

मागचे आसन हाच या गाडीचा गाभा आहे याची खूण तिच्या जन्मस्थळीही सापडते. तिचे पहिले दर्शन एप्रिल २००९ मध्ये जर्मनीत नव्हे, शांघायमध्ये झाले, कारण तिथे महागडी गाडी घेणारा पुष्कळदा स्वतः मागे बसतो. पुढे २०१३ मध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर १५० मिलिमीटरने वाढवलेली खास आवृत्तीही आली, ती याच माणसासाठी. आपल्याकडचे ग्राहक याहून फार वेगळे नाहीत. मामेभाऊ एरवी मुंबईत चालकाच्या हाती गाडी देऊन मागे फोनवर असतो, आणि मालवणच्या वाटेवर चालकाला घरी ठेवून स्वतः चालवतो. दोन्ही ठिकाणी तीच गाडी पुरते, आणि दोन दरवाजांच्या गाडीला हे जमले नसते.

तो आता ही गाडी विकून २०१७ साली आलेल्या स्पोर्ट टुरिस्मो या पानामेराच्याच आवृत्तीच्या शोधात आहे. तिचे छत मागपर्यंत जवळजवळ सरळ जाते, पाठ साध्या पानामेरापेक्षाही उंच आहे आणि मागे दोनाऐवजी ‘दोन अधिक एक’ अशी बैठक मिळते. त्याने फोनवर तिची छायाचित्रे दाखवली तेव्हा चिवल्यावर जमलेले झाडून सगळे, पोकाला नाक मुरडणारेसुद्धा, ‘वा’ म्हणाले. पाठ अर्धवट उचलली तर पोक आणि पूर्ण उचलली तर डौल, हे कसे, असे मी विचारले. कोणी उत्तर दिले नाही. २०२३ अखेर आलेल्या तिसऱ्या पिढीत मात्र कंपनीने स्पोर्ट टुरिस्मो ठेवलेलीच नाही. त्यामुळे त्यालाही ती आता जुन्या गाड्यांतच शोधावी लागणार, आणि पुढच्या मेमध्ये आमच्या गडग्यांमधून कोणती पाठ येते यावर आत्तापासूनच पैजा लागल्या आहेत.