खलनायकाचे चीज: बर्लिनहून पाहताना

निळू फुले यांचा विषय निघाला की आपल्याकडे एक खंत हमखास ऐकू येते: मराठी चित्रपटसृष्टीने या माणसाला बेरकी पाटील आणि सरपंच यांच्यात अडकवून टाकले, त्यांचे चीज केले नाही. बर्लिनमध्ये तुर्की शेजाऱ्यांच्या संगतीने त्यांचे जुने चित्रपट पाहू लागल्यापासून मला ही खंत अर्धवट वाटू लागली आहे.

याला कारण एरोल ताश. इस्तंबूलच्या ‘येशिलचाम’ चित्रपटसृष्टीत साठ-सत्तरच्या दशकांत गावगुंड, डाकू किंवा दुष्ट जमीनदार हवा असला की बोलावणे त्यांनाच जाई. तेथील चित्रपट बहुधा ध्वनीविना चित्रित होत आणि संवाद नंतर स्टुडिओत, पुष्कळदा दुसऱ्याच कलावंताच्या आवाजात भरले जात. त्यामुळे निळूभाऊंचे जे मुख्य हत्यार, लाडीगोडीत धमकी मिसळणारा तो घोगरा आवाज, त्यावर येशिलचामच्या नटाला विसंबता येत नसे. जे करायचे ते चेहऱ्याने, मानेने आणि चालीने.

मेतिन एर्क्सान यांच्या ‘सुसुझ याझ’मध्ये ताश यांनी उस्मान हा तंबाखू पिकवणारा शेतकरी केला आहे. झरा आपल्या जमिनीत आहे म्हणून तो गावाचे पाणी अडवतो, खून करतो आणि तुरुंगात मात्र धाकट्या भावाला पाठवतो. भावजयीला साप चावतो तेव्हा तो तिच्या पायातले विष तोंडाने ओढून काढतो, आणि त्या प्रसंगात उपकार कुठे संपला व वासना कुठे सुरू झाली हे सांगता येत नाही. १९६४ साली बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला सुवर्ण अस्वल, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, मिळाला. १९७५ मध्ये निळूभाऊंनी हिंदुराव पाटील रंगवलेला ‘सामना’ त्याच महोत्सवाच्या स्पर्धेत होता. तिथे पाण्याच्या जागी साखर कारखाना आहे, एवढेच. इतके दुष्ट रंगवून हात बसला होता, म्हणूनच हे दोघे नट हा हिंदुराव आणि हा उस्मान उभे करू शकले, असे माझे मत आहे. साचा वाईट नव्हता. त्याचा मोबदला तोकडा असावा, कारण एवढे नाव होऊनही ताश इस्तंबूलच्या जानकुर्तारान भागात कहवाखाना चालवत.

फरक पडतो तो पुढे. कामगार-भरतीच्या १९६१ च्या करारानंतर जर्मनीत आलेल्या तुर्की कामगारांनी ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेटवर हे चित्रपट घरोघरी पाहिले, म्हणून इथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलांनाही ताश यांचा चेहरा ओळखीचा आहे. ‘सुसुझ याझ’ची प्रत तर २००८ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या संस्थेने पुन्हा स्वच्छ करून घेतली. परतफेड म्हणून शेजाऱ्यांना ‘सामना’ दाखवायला बसलो, तर माझ्या हाती लागलेली प्रत धुरकट होती आणि उपशीर्षके नव्हती. वाक्यागणिक जर्मन भाषेत सांगत गेलो आणि निळूभाऊंच्या आवाजावर सगळा वेळ माझाच आवाज चढला. अनुदान आणि मल्टिप्लेक्समधले खेळ यांवरून आपण जेवढे भांडतो, त्याच्या दहाव्या हिश्श्याने तरी जुन्या चित्रपटांच्या प्रतींसाठी आणि उपशीर्षकांसाठी भांडायला हवे.