कशाला कशाने भागायचे?

भागाकार मला उत्तम येतो. तीन अंकी भाज्याला एक अंकी भाजकाने मी झोपेतून उठवले तरी भागून दाखवीन. परंतु ‘एक मोटार 3 तासांत 180 किलोमीटर जाते, तर तिचा ताशी वेग किती?’ हे उदाहरण पुढ्यात ठेवून भाची जेव्हा ‘मामा, कशाला कशाने भागायचं?’ असे विचारते, तेव्हा घरातील इतर सर्व मोठ्या माणसांना नेमकी त्याच क्षणी अत्यंत महत्त्वाची कामे आठवतात.

खरे तर तिने या प्रश्नाचा निकाल स्वतःपुरता केव्हाच लावला आहे. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागावे, भाग निःशेष गेला की खाली दोन रेघा ओढाव्यात आणि खेळायला जावे. मोटारीच्या बाबतीत हा नियम 60 असे निर्दोष उत्तर देतो, त्यामुळे त्याच्याविरुद्ध बोलायला तोंड उरत नाही. मग पाठ्यपुस्तकात एक गळका नळ येतो. त्यातून 8 तासांत 4 लिटर पाणी गळते, ताशी किती? भाची क्षणात 2 म्हणते. बरोबर उत्तर अर्धा लिटर आहे, हे सांगितल्यावर तिचा स्वाभाविक प्रश्न असा की, मग हे 2 कुठून आले? येथे माझी पंचाईत होते, कारण ते 2 खोटे नाहीत. एक लिटर गळायला 2 तास लागतात, हे अगदी खरे आहे. फक्त ते कोणी विचारलेले नाही. ‘ताशी’ म्हटले की तासांनी भागायचे आणि ‘दर लिटरला’ म्हटले की लिटरने, इतकीच काय ती गोम. परंतु न विचारलेल्या प्रश्नाचे अचूक उत्तर दिल्याबद्दल निदान अर्धा गुण मिळावा, ही तिची मागणी मला फेटाळता आलेली नाही.

भागायचे कशाने, हा वाद आर्यभटाने इ.स. 499 च्या सुमारासच मिटवला होता: फलाला इच्छेने गुणावे आणि प्रमाणाने भागावे. 3 तास हे प्रमाण, 180 किलोमीटर हे फल आणि 1 तास ही इच्छा. भाचीने हे शांतपणे ऐकून घेतले आणि 1 ने गुणून काय होणार, असे विचारले.

वेगाची जरा ओळख होते न होते तोच सरासरी दाखल होते. मोटार 120 किलोमीटर अंतर ताशी 60 च्या वेगाने गेली आणि तेवढेच अंतर ताशी 40 च्या वेगाने परत आली. सरासरी वेग 50 नव्हे, 48. कारण जाताना 2 तास लागले, येताना 3, आणि एकूण 240 किलोमीटरना एकूण 5 तासांनी भागायचे असते. मी हे कागदावर आकृती काढून, तासांचे तुकडे पाडून, कमालीच्या संयमाने समजावले. तिने आकृती निरखून पाहिली आणि विचारले, ‘पण मामा, तो परत येताना एवढा रमतगमत का आला?’