स्पिरिटच्या दिव्याचा प्रयोग आणि पुस्तकातला आकडा: खुलासा

शाळेत स्पिरिटच्या दिव्यावर पाणी तापवून काढलेली इंधनाची ऊर्जा पुस्तकातल्या आकड्याच्या जेमतेम निम्मी भरते, म्हणून पुस्तकातला आकडा फुगवलेला आहे, असा दावा सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. १ ग्रॅम इथेनॉल (स्पिरिटमधला मुख्य घटक) जळून २०० ग्रॅम पाणी १८ अंश सेल्सिअसने तापले, तर पाण्याला मिळालेली उष्णता सुमारे १५ किलोज्यूल होते, आणि पुस्तकात जवळपास ३० असते. उरलेली बहुतांश उष्णता हवेत, चंचुपात्राच्या काचेत आणि तिवईत जाते; शिवाय पात्राच्या बुडाला धरलेली काजळी ज्वलन अपुरे झाल्याचे सांगते. पुस्तकातला आकडा बंद पोलादी पात्रात, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये इंधन पूर्ण जाळणाऱ्या बॉम्ब कॅलरीमापी या उष्णता मोजण्याच्या उपकरणावरून येतो.