पाहिलं, पण विचारलं नाही

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. सोशल मीडियामुळे आपण एकमेकांपासून आणि हळूहळू स्वतःपासूनही तुटतो, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की पूर्वीही माणसं चारचौघांत मुखवटा घालूनच वावरायची, संशोधन माझ्या बाजूचं नाही, माध्यम मुळात तटस्थ असतं, आणि ज्याला स्वतःची ओळख आहे त्याला अशा गोष्टींनी काही फरक पडत नाही. शिवाय तुम्ही स्वतःचा अनुभव लिहिलात. दुर्मिळ आजाराचं निदान झालं तेव्हा नातेवाईक 'काळजी घे' म्हणून मोकळे झाले, आणि आधार दिला तो त्याच आजाराच्या रुग्णांच्या एका ऑनलाइन गटाने.

संशोधनाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला फार तर ०.४ टक्के फरक डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो, असं त्यांना आढळलं. फोनने पिढी बरबाद केली म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर वाचावा. पण त्यात पाहिलं होतं ते वापराचं प्रमाण. माझा मुद्दा तासांचा नाही. त्या वेळात दोन माणसांमध्ये नेमकं काय घडतं, याबद्दल मी बोलतेय.

मुखवट्यांचंही मान्य. आपण स्वतःला इतरांच्या नजरेतून पाहत घडतो, हे चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच लिहून ठेवलंय. जुना काळ निर्मळ होता, असा माझा दावा नाही.

मला खुपतं ते वेगळंच. दोन मैत्रिणी बऱ्याच दिवसांनी भेटतात. एक उत्साहाने सुरुवात करते, "अगं, मागच्या महिन्यात आम्ही फिरायला गेलो होतो ना..." दुसरी लगेच म्हणते, "हो हो, पाहिले फोटो! काय सुंदर होते गं!" संपलं. दुसरीच्या मनात आपुलकी आहे, तिने फोटो खरोखर पाहिलेत. पण तिने ते पाहिले नसते, तर विचारलं असतं: कुठे, कोणाबरोबर, मजा आली का? आणि "मजा आली का" याचं उत्तर देताना पहिली जरा अडखळली असती. "आली तशी... पण का कोण जाणे, आम्ही दोघं फारसं बोललोच नाही." हे वाक्य तोंडून निघेपर्यंत तिचं तिलाही ते माहीत नसतं. आपल्याला आधी सगळं समजतं आणि मग आपण ते सांगतो, असं क्वचितच होतं. बरेचदा सांगता सांगताच समजतं, आणि त्यासाठी समोर "म्हणजे काय?" विचारणारं कुणीतरी लागतं.

पोस्ट टाकताना हे विचारणारं माणूसच नसतं. तिथे ऑफिसातला साहेब असतो, आत्या असते, शाळेतली कधीही न बोललेली मुलगी असते. या सगळ्यांना एकाच वेळी चालेल तेवढंच उरतं. त्या मैत्रिणीने फोटोखाली आधी लिहिलं असेल, "छान होतं सगळं, तरी थोडं एकटं वाटलं." मग 'तरी'पासूनचं खोडलं असेल आणि शेवटी नुसतं लाल बदाम ठेवलं असेल. बोलायला हवं होतं ते त्या खोडलेल्या शब्दांवर. ते कुणाला दिसले नाहीत, आणि दिवसभर येत राहिलेल्या बदामांनी तिलाच पटवलं की सहल झकास झाली. पुढे तिला ती तशीच आठवेल. आत्मभान गमावणं मी म्हणते ते हे. त्याचा गाजावाजा होत नाही, म्हणून ते कुठल्या मोजणीत सहज सापडतही नाही.

माध्यम तटस्थ असतं, हे मात्र मला पटत नाही. फेसबुकवर लाइकचं बटण २००९ मध्ये आलं आणि विचारपूस एका टिचकीवर येऊन थांबली. जानेवारी २०१२ मध्ये त्याच कंपनीने ६,८९,००३ लोकांच्या फीडवर आठवडाभर प्रयोग केला. काहींना आनंदाच्या पोस्ट कमी दाखवल्या, काहींना दुःखाच्या. त्या लोकांच्या लिहिण्यावर झालेला परिणाम अगदी लहान होता, पण असा काही प्रयोग आपल्यावर चाललाय याची त्यांना कल्पनाही नव्हती. कुणाचं दुःख आपल्यापर्यंत पोचणार हे आपल्या वतीने दुसरंच कुणीतरी ठरवत असेल, तर त्याला तटस्थ कसं म्हणायचं?

आता तुमचा गट. तुम्ही लिहिलंय, की पहिल्या दिवशी तुम्ही तिथे फक्त औषधाचं नाव आणि डोस टाकला होता. कुणीतरी विचारलं, "रात्री झोप लागते का?" आणि तुम्ही निदानानंतर पहिल्यांदाच भीतीबद्दल लिहिलंत. ही ओळ वाचून मी थांबले. नातेवाईक समोर बसून 'काळजी घे' म्हणाले, कुणी काही विचारलं नाही. अनोळखी माणसाने पडद्याआडून विचारलं. तेव्हा पडदा की प्रत्यक्ष भेट, असा हा झगडा नाहीच. तुमचा अनुभव माझ्या म्हणण्याला छेद देतो असं तुम्हाला वाटतं. मला तो माझ्या म्हणण्याचा सगळ्यात बळकट पुरावा वाटतो.

आणि म्हणूनच 'ज्याला स्वतःची ओळख आहे' हे तुमचं वाक्य मला मान्य करता येत नाही. तो प्रश्न येईपर्यंत तुम्हाला तुमची भीती नीट ओळखता आली होती का?

एक विनंती. तुमच्या गटात नवीन आलेला माणूस सुरुवातीला फक्त रिपोर्ट टाकत असणार. जुनी माणसं त्याला बोलतं कसं करतात? कुणी पुढाकार घेतं, काय विचारतं, तो गप्पच राहिला तर काय करतात? गटातल्या कुणाची ओळख उघड न करता जमेल तेवढं सविस्तर लिहा. मला हे मनापासून समजून घ्यायचंय.